ढोलीतला मोबाइल

आमचे शेजारी घनश्याम भाऊजी मोबाइल धानात पुरतात. आमच्या कोंढा गावात धान साठवायला बांबूची, शेणानं लिंपलेली ढोली असते. तिच्यात फोन खुपसायचा, वरून झाकण. आत तो वाजला की भाऊजी ढोलीवर थाप मारून सांगतात, "गाडी फुल हाय. मांगच्या गाडीनं ये." एसटीत कंडक्टरकी करण्यात जन्म गेला त्यांचा.

हे वैराग्य चहा उकळेपर्यंत टिकतं. मग खांद्यापर्यंत हात घालून शोध सुरू. एकदा फोन सापडेना म्हणून निम्मी ढोली उपसली. डोक्यात भुसा, छातीत धाप, आणि फोनवर काय, तर कोण्या परमुलखातली म्हैस नाचत होती.

एवढा खटाटोप मंडईच्या नाटकासाठी. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमची जत्रा भरते, नाटक होतं, आणि त्यात म्हाताऱ्या बापाचं काम वर्षानुवर्षं भाऊजींचंच. यंदा मात्र पाठांतर राहीना. तालमीत अर्ध्या वाक्यावर खिसा चाचपायचे. दिग्दर्शक म्हणजे त्यांचाच पुतण्या. त्यानं सगळ्यांदेखत बजावलं, "काका, रविवारपर्यंत पाठ झालं नाही तं बाप बदलवतो."

मी पोट धरून हसले. तशी मी तरी कुठली एकाग्र? नवी सून असताना रेडिओवर गाणं लागलं की भात करपायचा, आणि मी सासूबाईंना चूल बिघडल्याचं सांगायची. मातीच्या चुलीत बिघाड शोधणारी एवढी हुशार सून त्यांनी पाहिली नव्हती.

शेवटी भाऊजींनी फोन माझ्या हवाली केला. "वयनी, पाया पडलो तरी देऊ नोका." असली कामं मला फार आवडतात. लगेच दुसऱ्या दिवशी भाऊजी हवामान पाहायला हजर. मी आभाळाकडे बोट दाखवलं. मग वेळ पाहायची होती. मनगटावर घड्याळ होतं. मग म्हणे, चार्जिंग उतरलं असेल बिचाऱ्याचं, नुसतं पाहून जातो. जणू फोन तापानं फणफणला होता.

शनिवारी दुपारी पुन्हा आले. मी अंगणात तांदूळ निवडत होते.

"आता कोणतं सोंग आनलं?"

"फोन नोको, वयनी. तुम्ही आयका फक्त." हातात नाटकाचं पुस्तक होतं.

त्यांची बायको सुमन मागच्या उन्हाळ्यात गेली. तिला वाचता येत नव्हतं, पण दरसाल ती सूप घेऊन बसायची आणि त्यांच्या वाक्यावाक्याला "हूं" म्हणायची. यंदा भाऊजी आपला पाठ फोनवर बोलून गावच्या ग्रुपात टाकायचे, आणि कोणी ऐकला का ते पाहत बसायचे.

"आंगठे येतेत, वयनी," ते म्हणाले. "पन हूं कोनी म्हनत नाही. अन् हूं आल्याबिगर मले पुढचं सुचत नाही."

मला एक झकास टोमणा सुचला होता. तो गिळला. घशाला सवय नाही, ठसका लागला.

"म्हना," मी सुपातून मान वर न करता म्हटलं.

त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबले. मी तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला.

"हूं."

दुसरं वाक्य आलं.