गावंडेकाकांचे दोन सायलेन्सर

गावंडेकाकांच्या घरावरची नावाची पाटी सुतळीनं बांधलेली आहे. घर बांधलं तेव्हा भिंतीत खिळा जाईना, म्हणून काकांनी ती खिडकीच्या गजाला टांगली आणि म्हणाले, "तात्पुरती हाय." त्यानंतर आमच्या गल्लीत नळ आले, सिमेंटचा रस्ता आला, माझं लग्न होऊन मला टक्कल पडायला लागलं. पाटी अजून तात्पुरतीच आहे. वारा सुटला की ती उलटी होते आणि नवा पोस्टमन गोंधळतो.

घरातही तेच. न्हाणीघराच्या दाराला कडीऐवजी वायर, पलंगाच्या एका पायाखाली वीट. एकदा मी कुसुमकाकूंना विचारलं, "काकू, तुमाले कंटाळा नाई येत का याचा?" त्या मेथी निवडत शांतपणे म्हणाल्या, "मलेई तात्पुरतंच आणलं असन बावा. पक्कं कराचं राहून गेलं."

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर लोक अमरावतीत सकाळी फिरायला जातात. काकांनी सुट्या भागांची मोटार मागवली. म्हणजे फायबरची बॉडी, लोखंडी सांगाडा आणि खोकीभर नटबोल्ट, जोडायची आपण. इंजिन एका जुन्या जीपचं आणलं, त्यामुळे कागदोपत्री ती जीपच. दिसायला मात्र लालभडक, उघडी, दोन माणसांची, आणि इतकी बुटकी की गल्लीतलं कुत्रं मान न उचलता आत डोकावायचं. दारं नव्हतीच. बाजूचा काठ ओलांडून आत बसायचं.

काकांचा सगळा जीव सायलेन्सरमध्ये. "मांगून सायलेन्सर तं टेम्पोलेई असते," ते म्हणत. "आपले दोन्ही बाजूनं येतीन. असे लांब, चकचकीत, सीटच्या खालपर्यंत. कॉलेजात असताना एका मासिकात फोटो पाह्यला होता. तवापासून डोक्यात बसला हाय."

वेल्डर इक्बालभाईंनी इंजिनच्या नळीला दोन फाटे काढून स्टीलचे दोन पाइप बनवून दिले. आधी ते नुसते टांगून पाहायचे, चाक वळताना कुठं घासतात का ते तपासायचं आणि मग पक्के वेल्ड करायचे असं ठरलं. "दो दिन लटकाके देखो," इक्बालभाई म्हणाले. हे त्यांनी भलत्याच माणसाला सांगितलं.

मला बोलावणं आलं. "पंकज, जरासाक पाइप धर बावा." मी धरला. काका गाडीखाली शिरले आणि तिथून एकेक वस्तू मागू लागले. आधी तार, ती काकूंची कपडे वाळत घालायची होती. मग बाजेची नवार. मग पाइपाखाली टेकवायला काहीतरी सपाट. मी इकडेतिकडे पाहिलं, पण काकांनी ते आधीच आणून ठेवलं होतं.

थोड्या वेळानं काकू दारात आल्या. "अवो, पोळपाट दिसला का?"

गाडीखालून आवाज आला, "कामात हाय."

त्या दिवशी गावंड्यांकडे खिचडी झाली.

दोन दिवस उलटले, पोळा उलटला, दिवाळी आली. पाइप लोंबकळतच होते. तार गेल्यामुळे काकू त्यांच्यावर टॉवेल वाळत घालू लागल्या. इक्बालभाई जाता-येता विचारत, "काका, वेल्डिंग कर दूँ?" काका मान हलवत, "थांब ना. अंदाज घेऊन राहिलो."

तेवढ्यात अकोल्याच्या मेळाव्याचं कळलं. हौशी लोक स्वतः बनवलेल्या, सजवलेल्या गाड्या घेऊन येणार होते. काकांचे खात्यातले जोडीदार सरोदे अकोल्याचेच. त्यांनी फोनवर सांगितलं, "गावंडे, तुही गाडी बडनेऱ्याच्या पुढं आली तं मी मिशी काढतो." सरोद्यांची मिशी सगळ्या खात्याला माहीत होती. काका पेटले.

मेळाव्याआधी वलगावपर्यंत चाचणी घ्यायची ठरली. काकू डावीकडे बसल्या, मी स्कूटरवर मागे. काकांनी किल्ली फिरवली आणि गल्लीतल्या सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या. कुठंतरी लग्नाची वरात आली असं समजून माझी आई बाहेर आली. गाडी मात्र झोकात निघाली. वाटेत एकदा पोळपाट पडला, तो मी उचलून घेतला.

वलगावला काकू उतरायला लागल्या. त्यांचे गुडघे दुखतात. एक पाय आत, एक बाहेर, आणि मधे तापलेला पाइप. काठाचा आधार घेताना साडी पाइपाला टेकली आणि चर्र झालं. नायलॉनची साडी, वीतभर भोक पडलं. पोटरीलाही चटका बसला.

"जाऊ द्या, जुनीच होती," काकू म्हणाल्या.

पाण्याची बाटली घेऊन काका तिथंच रस्त्यावर गुडघे टेकून बसले आणि हळूहळू काकूंच्या पायावर पाणी ओतू लागले.

"दुखते का?"

"नाई."

"खरं सांग."

"थोडसंक."

परत येताना काका गाडी इतकी हळू चालवत होते की सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इक्बालभाईंचं वेल्डिंग चालू होतं. उजवा पाइप पक्का बसला. डावा काढला आणि त्याचा फाटा बंद केला. पोळपाट घासूनपुसून स्वयंपाकघरात परत गेला.

मेळाव्याला काका-काकू गाडीतून निघाले, मी स्कूटरवर मागे. अकोल्यात गाडी पाहायला गर्दी जमली. सरोदे मिशीवर हात ठेवून गाडीभोवती फिरले आणि थांबले. "गावंडे, एक पाइप रस्त्यात पडला का?" लोक हसले. काकाही हसले. "इंजिनाले एकच झेपते," ते म्हणाले.

"मंग हे अर्धीच गाडी झाली. मीबी अर्धीच मिशी काढीन."

"राहू दे, तात्पुरती ठेव," काका म्हणाले.

बक्षीस दुसऱ्याच कोणाला मिळालं. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरला आम्ही चहाला थांबलो. काकू कानाला रुमाल बांधून गाडीतच झोपल्या होत्या. काका आणि मी टपरीच्या बाकावर बसलो.

"आता डावा पाइप लावसान ना, काका? फोटोत होता तसा."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "तिले त्या बाजूनं उतरा लागते," ते म्हणाले.

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पँटकडे गेलं. उजव्या पोटरीवर तपकिरी कडांची भोकं पडली होती, काही जुनी, एक अगदी ताजं.

"अन् तुमाले नाई लागत?"

"लागते ना," काका म्हणाले आणि उठले. टपरीवाल्याकडून त्यांनी आणखी एक चहा घेतला, साखर कमी टाकायला सांगितली आणि तो घेऊन गाडीकडे गेले. हाक मात्र मारली नाही. काकूंच्या तोंडावर ऊन येत होतं, ते अडवून काका त्यांना जाग येईपर्यंत कप हातात धरून तसेच उभे राहिले.