जानकीबाईंचे एकोणीस संसार

माणूस निवृत्त झाला की वर्षभराच्या आत त्याला एकतर गुडघेदुखी लागते किंवा पूर्वज लागतात. गुडघेदुखीवर निदान लेप तरी मिळतो.

श्यामराव ठोसर पोफळीच्या वीजकेंद्रातून निवृत्त होऊन रत्नागिरीला आले तेव्हा त्यांचे गुडघे ठणठणीत होते. त्यामुळे दुसरा पर्याय आपोआपच लागू झाला. पुण्याच्या लेकीने, ऋतिकाने, वाढदिवसाला त्यांच्या लॅपटॉपवर वंशवृक्षाचं एक सॉफ्टवेअर घालून दिलं. बाबांनी दिवसातून सहादा फोन करू नये, एवढाच तिचा उद्देश होता, आणि तो सफळ झाला.

सॉफ्टवेअर फार शिस्तीचं होतं. प्रत्येक पुरुषाचा निळा चौकोन, शेजारी त्याच्या पत्नीचा गुलाबी. घराण्याच्या छापील कुलवृत्तांतात अकरा पिढ्यांचे पुरुष नाव, गाव आणि (असल्यास) पराक्रमासह हजर होते. त्यांच्या बायकांची नोंद मात्र "अमक्यांची कन्या" एवढ्यावर आटोपलेली. हे पुस्तकाला चालत होतं, सॉफ्टवेअरला चालेना. गुलाबी चौकोन रिकामा राहिला की ते पुढच्या पिढीत जाऊच देत नसे.

श्यामरावांनी तीस वर्षं यंत्रं चालवली होती. यंत्र अडलं म्हणून वीज थांबवायची नसते, हे त्यांच्या अंगी मुरलेलं. त्यांनी विचार केला, की त्या काळी दर चार बायकांत एक जानकी असणारच. म्हणून जिथे नाव नव्हतं तिथे, अगदी स्वतःच्या आजोळच्या फांदीवरसुद्धा, त्यांनी तात्पुरतं "जानकीबाई" घातलं. अशा एकोणीस जानकीबाई झाल्या. त्यावर सॉफ्टवेअरने नम्रपणे विचारलं, "या व्यक्ती एकच असाव्यात. एकत्र करायच्या का?" तोवर चहा आला होता. श्यामरावांनी "हो" दाबलं.

अशा रीतीने जानकीबाई ठोसर (जन्म अंदाजे १७६०, मृत्यू १९७१) अस्तित्वात आल्या. पती एकोणीस, पैकी बरेच एकमेकांचे बाप-लेक. अपत्यं चौऱ्याहत्तर. सॉफ्टवेअरने त्यांच्या नावाशेजारी पिवळा त्रिकोण दाखवला. पडदा घाण दिसतो म्हणून श्यामरावांनी तो बंद करून टाकला आणि गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर वृक्ष इंटरनेटवर लावला.

"समस्त ठोसर" या व्हॉट्सॲप गटावर एकच आनंद झाला. एकूण तेवीस हरकती आल्या. एकवीस स्वतःची पदवी राहिल्याबद्दल, एक परदेशातल्या गावाच्या स्पेलिंगबद्दल, आणि एक सांगलीच्या गृहस्थांची, की आपण अद्याप हयात आहोत (ही विचाराधीन आहे). जानकीबाईंबद्दल एकही नाही. गटाचे अध्यक्ष यज्ञेश ठोसर यांनी हेदवीच्या कुलसंमेलनात श्यामरावांना शाल-श्रीफळ देण्याचं जाहीर केलं.

संमेलनाच्या आदल्या आठवड्यात श्यामरावांच्या आईने, आनंदीबाईंनी, आपल्यालाही तो वृक्ष दाखव म्हणून सांगितलं. आईला वृक्ष दाखवायचा राहिलाच होता. पंच्याऐंशी वर्षांच्या आनंदीबाई चष्मा पुसून पडद्यासमोर बसल्या. बोटाने एकेक रेघ धरून वर वर गेल्या, मग परत खाली आल्या.

"श्याम, ही जानकी कोण रे?"

तात्पुरती सोय आहे, असं श्यामराव म्हणाले.

"माझ्या आजेसासूबाईंना मी पाहिलंय. काशी त्यांचं नाव. आणि माझ्या आईचं सावित्री. तू दोघींची एक बाई केलीस." त्या पुन्हा रेघ बघू लागल्या. "म्हणजे सासरे माझे भाऊ, आणि मी माझ्या भाच्याशी लग्न केलं म्हणायचं."

श्यामरावांचा चेहरा उतरला. त्यांनी काशी लिहिलं, सावित्री लिहिलं, आणि सावित्रीचं माहेरचं नाव विचारलं. ते आपण आईला कधी विचारलंच नाही, असं आनंदीबाई म्हणाल्या. मग श्यामरावांनी जरा चाचरत त्यांचं स्वतःचं विचारलं. बासष्ट वर्षांत ते त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"कुसुम," आनंदीबाई म्हणाल्या. "पण आता तसं हाक मारणारं कोणी उरलं नाही."

श्यामरावांनी कुसुम लिहिलं. सॉफ्टवेअरने लगेच विचारलं, "कुसुम आणि आनंदीबाई या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत का?" उत्तराला "हो" आणि "नाही" असे दोनच पर्याय होते. या वेळी आलेला चहा गार झाला.

हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन आणि मोदकांचं जेवण उरकून अडीचशे ठोसर सभागृहात बसले. शाल खांद्यावर पडताच श्यामरावांनी माईक धरला आणि सगळं सांगून टाकलं. जानकीबाई झाल्याच नाहीत. आपल्याला आपल्या घरच्या बायकांची नावं माहीत नाहीत. इथे कोणाला आपल्या पणजीची माहेरची आणि सासरची अशी दोन्ही नावं येत असतील तर त्यांनी हात वर करावा, आपण आत्ताच लिहून घेऊ, असं त्यांनी कळवळून विनवलं.

एक हात वर झाला. तो पंखा वाढवायला सांगत होता.

सभागृहात थोडी चुळबुळ झाली. मग यज्ञेशराव उठले. ते ठाण्याला बँकेत अधिकारी होते आणि कुठलाही अडलेला विषय ठरावाने सोडवण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

"श्यामराव, विनय पुरे," ते म्हणाले. "आपल्या सात शाखांचं आजवर एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. जानकीबाईंवर झालंय."

जानकीबाई या समस्त ठोसरांच्या मूळ माता असल्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. त्यांच्या नावे शिष्यवृत्ती निघाली. तैलचित्र करायचं ठरलं (चेहऱ्यासाठी यज्ञेशरावांच्या पत्नी बसणार आहेत, त्यांचं नाव चित्राखाली येणार नाही).

श्यामरावांनी घरी येऊन जानकीबाईंना पुसून टाकलं. वृक्षाच्या मधोमध सतरा भोकं पडली. काशी, सावित्री, आणि कुसुम ऊर्फ आनंदी एवढीच नवी पानं लागली, ती त्यांनी आईला चष्मा लावून दाखवली. नवा वृक्ष गटावर टाकला तेव्हा एकच प्रतिक्रिया आली. जुना जास्त भरगच्च दिसत होता.

वाचकांना या ठोसर मंडळींचं हसू येणं साहजिक आहे. हसून झालं की त्यांनी आपल्या पणजीचं नाव आठवून पाहावं. सासरचं आठवलं तरी पूर्ण गुण द्यायला आमची हरकत नाही. फक्त एक खुलासा करून ठेवतो. आत्ता जे पटकन आठवलं, ते पणजोबांचं आहे.