शनिवारी बारा वाजता

सौंसरच्या नत्थूजींच्या संत्रा नर्सरीत कामाला असलेल्या मोनालीला सगळ्यात जास्त धाक होता तो फोनचा. कलम वाळलं की गिऱ्हाईक फोन करी आणि स्वतः न दिलेल्या पाण्याचा राग मोनालीच्या कानात ओती. शेवटी उपाय तिनंच शोधला. गिऱ्हाइकांच्या फोनला मेसेजनं आपोआप उत्तरं देणारं फुकटचं सॉफ्टवेअर, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून बसवायचं.

"शनिवारपर्यंत चाललं तं तुले फोनपासून सुट्टी," नत्थूजी म्हणाले. "नाही तं जन्मभर तूच उचलजो."

तीन दिवस काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली. पासवर्ड मालकानंच टाकायचा ठरला.

"मोनाली, बटनं मेली व! काहीच उमटून नाही राहिलं."

"काकाजी, लिनक्समधी पासवर्ड दिसत नाही. तुम्ही टाका फक्त."

"दिसत नाही तं टाकला हे कसं समजाचं?"

"देवापाशी मागता तवा पोचलं हे समजते का?"

नत्थूजींनी निमूटपणे टाकला.

मग मशीनला उत्तरं शिकवायची होती. नत्थूजींनी आपले दहा वर्षांचे मेसेज दिले. तक्रार कुठलीही असो, त्यांचं उत्तर एकच. "या ना घरी, जेवाले. बसून बोलू." असं आमंत्रण तिकडे सगळेच देतात आणि कोणीच येत नाही, कारण त्यात वेळ नसते. बिनवेळेचं आमंत्रण म्हणजे नुसता नमस्कार, हे पोरासोरांनाही कळतं. मशीनला कळलं नाही. त्यातून मोनालीनं भेटीची वेळ ठरवून देण्याची सोय हौसेनं चालू करून ठेवलेली.

गुरुवारी मशीन सुरू झालं आणि फोन गप्प झाला. मोनाली दोन दिवस गरम चहा गरम असतानाच प्यायली.

शनिवारी बाराला अंगणात सतरा माणसं. जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन आटोपून सरळ इकडेच. प्रत्येकाच्या हातात वाळलेलं कलम.

"या, या! आज कसे काय?"

लोधीखेड्याच्या भगवंतरावांनी मोबाईल पुढे केला. "तुम्हीच तं बोलावलं. जेवाले, बारा वाजता. नकाशाबी धाडला."

"बरं केलं," म्हणून नत्थूजी आत पळाले. त्यांची बायको शांताबाई दोघांपुरतं वरण ढवळत होती.

"सतरा जण आहेत."

"कुठं?"

"जेवाले."

शांताबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की तो स्वतःच कणीक मळायला बसला. मोनालीनं पोळ्या लाटल्या. झुणका दोनदा टाकावा लागला. पण पोटभर जेवल्यावर भांडणार कोण? निघताना भगवंतरावांनी वाळकं कलम हळूच कुंपणात खोचलं आणि पन्नास नवी सांगितली.

"मशीन पास!" नत्थूजी हरखले. "एक बी तक्रार नाही राहिली."

तेवढ्यात शांताबाईंनी पडद्यावर वाचलं. पुढचा शनिवार, बारा वाजता, एकतीस जण.

"या घरात एक तं हे मशीन राहीन, नाही तं मी."

नत्थूजींनी विचार करायला जरा जास्तच वेळ घेतला. शांताबाईंनी लाटणं उचललं तेव्हा निर्णय झाला. मोनालीनं एकतीस भेटी रद्द केल्या आणि मशीन बंद केलं.

पाचच मिनिटांत फोन वाजला. नत्थूजींनी मोनालीकडे नुसतं बोट दाखवलं.

"बाई, माह्यं कलम वाळलं! काय करून राहिले तुम्ही लोकं?" बोरगावहून कोणीतरी तापलं होतं.

मोनालीनं घसा साफ केला. "या ना दादा घरी, जेवाले. बसून बोलू."

पलीकडचा आवाज एकदम मवाळला. "हो ना बाई. येतो ना कधी तरी."

वेळ तिनं सांगितली नाही. त्यानंही विचारली नाही.