खिडकीतल्या आजींचे जतन

आईच्या गुडघ्यांनी जिन्याशी असलेले संबंध कायमचे तोडल्यावर कुलूपवाल्यांनी तळमजल्यावर, पुढच्या अंगणात, न्हाणीघरासह एक खोली बांधण्याची परवानगी नगरपरिषदेकडे मागितली. परिषदेने ती नाकारली. इथपर्यंत सारे नियमाला धरूनच झाले.

नकाराचे कारण मात्र कुलूपवाल्यांना कळेना. ‘प्रस्तावित बांधकामामुळे गल्लीच्या दृश्य स्वरूपात उणीव निर्माण होईल.’ भर घातल्याने उणीव कशी होते, हे विचारायला ते कुलपांचे दुकान बंद करून नगररचना अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले.

“साहेब, खोली एवढीशी आहे. कुंपणावरून दिसणारसुद्धा नाही.”

“खोली दिसेल ही आमची हरकतच नाही,” अधिकारी म्हणाले. “आजी दिसणार नाहीत, ही आहे.”

त्यांनी गल्लीचा मोठा फोटो पुढे सरकवला. जतन करण्याजोग्या गोष्टींवर बाण काढले होते: दिव्याचा जुना खांब, लोखंडी कठडा आणि वरच्या मजल्यावर ‘हात हलवणारी वृद्धा (चालू स्थितीत)’.

“अहो, ती माझी आई आहे.”

“मालकी तुमचीच, कोण नाही म्हणतंय? पण दृश्य सार्वजनिक आहे. त्या खाली आल्या की खिडकी रिकामी.” मग आवाज उतरवून त्यांनी विचारले, “दुसरं कुणी बसवता येईल का? सासूबाई वगैरे?”

“सासूबाई ऐकायच्या नाहीत.”

“मग अपील करा.”

अपिलाच्या सुनावणीला आईने जातीने हजर राहणे सक्तीचे होते. तिला तसे हजर राहता आले असते तर अपील कशाला केले असते, असे कुलूपवाल्यांनी नम्रपणे कळवले. समितीने मोठ्या मनाने सुनावणी गल्लीतच ठेवली. खिडकीखाली खुर्च्या मांडल्या गेल्या.

शेजारी भरभरून बोलले. शिंपीणकाकूंनी तर खिडकीकडे बघून हातच जोडले. “वर आजी दिसल्या ना, की दिवस बरा जातो. फार आधार वाटतो हो त्यांचा.”

“म्हणजे तुमचं वर जाणं-येणं असेल,” समितीच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

“वर? छे हो. तो जिना बघितलात का? माझे गुडघे कुठे ऐकतायत.”

समितीने तत्परतेने नोंद घेतली: जिना धोकादायक आहे; सबब वृद्ध व्यक्तीस त्यावरून खाली आणणे हितावह नाही.

मग आईला बाजू मांडण्याची संधी देण्यात आली. “मला खाली यायचंय,” ती वरून म्हणाली. रहदारीत ते कुणाला ऐकू गेले नाही, म्हणून तिने हाताने खूण केली: वर या. समितीने एकमताने हात हलवले.

“बोलावतेय ती तुम्हाला,” कुलूपवाले म्हणाले. “रोज बोलावते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला.”

“अर्जदार भावनेच्या भरात बोलत आहेत, असं लिहा,” अध्यक्षीणबाईंनी डोळे टिपत सांगितले.

अपील फेटाळले गेले आणि आई संरक्षित झाली. दिवसा पडदा ओढू नये. चष्म्याची काडी मोडल्यास मूळ रंगाचीच बसवावी. गुडघे दुखण्यास मनाई नाही, मात्र ते रस्त्यावरून दिसता कामा नये. या सगळ्याची देखभाल मुलाने स्वखर्चाने करावी.

“काय झालं रे?” आईने विचारले.

“तू इथेच बसायचंस.”

“कुणी ठरवलं?”

“सगळ्यांनी. आवडतेस तू त्यांना.”

आईने खाली गल्लीत पाहिले. “मग एखाद्याला वर यायला काय झालं होतं?”

पुढे तिला पाहायला गर्दी होऊ लागली, तेव्हा परिषदेने तिच्या खिडकीसमोर एक बाक बसवला. ज्येष्ठांना पायरी चढावी लागू नये म्हणून बाकापर्यंत उतार केला. शेजारी तळमजल्यावरच एक स्वच्छतागृह बांधले. परवानगी अर्जाच्याच दिवशी मिळाली.

आपण त्या बाजूला गेलात तर बाकावर जरूर बसा. समोर जिन्याचे दार दिसेल. कुलूपवाल्यांच्या घरातले कुलूप नसलेले तेवढे एकच दार. दिवसभर सताड उघडे असते. त्याच्या बरोबर वर खिडकी. आजी हात हलवतील. आपणही हलवाल. मग दिवस बरा जाईल.