पॉपीकॉक सर

साळवे सरांसमोर एखादी थाप मारून बघा. फार मोठी नको. एवढंच म्हणा, "सर, आत्ताच तुमची आठवण काढली होती." सर चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतील, तुमच्याकडे वरून खालपर्यंत बघतील आणि म्हणतील, "फिडलस्टिक्स!"

हा त्यातल्या त्यात मवाळ शब्द. सर खोट्याचं वजन करून शब्द देतात. तोंडदेखल्या गोडव्याला फिडलस्टिक्स, थापेला पॉपीकॉक, आणि ज्यात समोरच्याचं नुकसान आहे त्याला हॉगवॉश. "हॉगवॉश म्हणजे डुकरापुढं टाकायचं खरकटं," हे ते वर समजावूनही सांगतात. केदारखेड्यात त्यांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं. टेन्स वगैरे कधीच उडून गेले, पण आमच्या वर्गातला कुणीही गडी भोकरदनच्या बाजारात व्यापाऱ्याला तोंडावर "ए, पॉपीकॉक लावू नको" म्हणतो. एकदा एका पोराने टीव्हीत ऐकलेलं 'बुलशिट' वर्गात वापरलं, तर सरांचा चेहरा पडला. म्हणाले, "ज्याला शब्द सापडत न्हाई तो शिवी देतो, बाळा."

काय दिवस होते ते! छडी कधी उचलली नाही या माणसाने. "सर, वही म्हशीनं खाल्ली" म्हटलं की सगळा वर्ग श्वास रोखून त्या शब्दाची वाट बघायचा.

रिटायर झाल्यावर मात्र ते माझ्या बोकांडी बसले. स्टँडवर माझं बियाण्याचं दुकान आहे, दुकानापुढे बाकडं आहे, आणि बाकड्यावर सर. कंपनीचा माणूस गिऱ्हाइकाला सांगतोय, "या वाणाला अळी बिलकुल लागत नाही," की बाहेरून आवाज, "हॉगवॉश!" गिऱ्हाईक पिशवी ठेवून चालू लागतं. मी कपाळावर हात मारतो. दुसरं काय करणार?

त्याच बाकड्यावर सरांच्या शेजारी किसनमामा बसायचे. दोघे बालमित्र. मामा म्हणजे थापांचं आगार. "काल हिरीत मासा पाह्यला. खाटेवर मावला नसता, आईशप्पथ." सर पेपर खाली करायचे. "पॉपीकॉक!" की मामा खूश. सर महिनाभर लेकीकडे गेले, तेव्हा मामा बाकड्यावर नुसते बसून राहायचे. मी विचारलं, "मामा, आज काही नवीन न्हाई?" तर म्हणाले, "सांगून काय करू? खोटं पाडायला कोन हाय इथं?"

आता आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जायची एक रीत आहे. केळी, नाही तर बिस्किटचा पुडा न्यायचा, खाटेच्या कडेला बसायचं आणि म्हणायचं, "चेहरा तर टवटवीत दिसून राह्यला. आठ दिवसांत उठून बसता बघा." सगळे हेच म्हणतात. सर सोडून. नामदेवच्या मोडलेल्या पायाशी बसून ते म्हणाले, "फिडलस्टिक्स! हा पाय दिवाळी खातो." नामदेवच्या आईने पुढे केलेला चहा माघारी नेला. तेव्हापासून कुणी आजारी पडलं की गाव सरांना कळूच देत नसे.

आणि किसनमामाच आजारी पडले. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मामांना कुणी काही सांगितलं नव्हतं. दसरासुद्धा दिसतो की नाही, अशी अवस्था. मामी दुकानात आल्या. "रोज सरांचं नाव घेऊन राह्यले रे. घेऊन ये त्यांना. पन त्यांचं ते इंग्रजी घरात नको. त्यांच्या तोंडून काही निघालं, तं ह्यांचा धीर सुटंल."

मी सरांना गाडीवर मागे बसवलं आणि वाटेत दोनदा बजावलं. ते फक्त "हं" म्हणाले.

मामा खाटेला चिकटले होते. सरांना बघून डोळे तेवढे हसले. सर शेजारी बसले, हात हातात घेतला. मामी उशाशी उभ्या. मग मामांनीच जोर केला.

"दिवाळी झाली का आपन दोघं राजूरच्या गनपतीला पायी जाऊ. बराबर ना?"

सर गप्प. माझा जीव भांड्यात पडला. पण मामांचं हसू हळूहळू ओसरायला लागलं. ते सरांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"काहून रे? आज काहीच न्हाई म्हनत?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही या माणसाचं तोंड बंद करून घात केला होता. सरांनी खोटं खपवून घेतलं, म्हणजे आता काही उरलं नाही, हे मामांना न सांगता कळत होतं.

सरांनी चष्मा काढला. पुसला. नाकाच्या शेंड्यावर ठेवला.

"पॉपीकॉक!" ते असे ओरडले की मामी दचकल्या. "तू आन् पायी? मागच्या अंगारकीला गाव संपायच्या आत टेम्पोला हात दाखोलता तू! मी राजूरपोहोत एकटा चाललो, आन् तू मंदिरापुढं पेढे खात बसल्ता!"

मामा हसले. खोकला येईपर्यंत हसले. "पाय दुखत व्हता माझा."

"फिडलस्टिक्स!"

मामींनी पदर तोंडाला लावला आणि चहा टाकायला आत गेल्या.

परतताना सर दुकानापाशी उतरले, तरी बाकड्यावर बसले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राजूरसाठी एक टेम्पो सांगून ठेव. दिवाळीनंतरचा. किसनला चालवत न्हाई."

"सांगतो, सर," मी म्हणालो. "आठ दिवसांत उठून बसतील मामा, बघा तुम्ही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या शब्दाची वाट बघत उभा राहिलो.

"हो," सर म्हणाले. "बसंल."