चार बोटं वर

लढाईच्या चौथ्या वर्षी वरच्या कचेरीतून आमच्या खडकसांगवीला हुकूम आला, की गावची तालीम धान्याच्या गोदामासाठी ताब्यात घेण्यात येईल. मात्र तिथे उपयुक्त व्यायाम चालतो असे सिद्ध झाल्यास फेरविचार होईल. उपयुक्त म्हणजे काय, याचाही खुलासा होता: एका इसमाने वीस मण वजन उचलून दाखवावे. किती उंच, ते लिहायचं राहून गेलं होतं.

तालमीचा वस्ताद गोरक्ष. कुस्तीत गुडघा गेल्यापासून त्याला पुरती बैठक मारता येत नसे. पण जरासे वाकलेले पाय सरळ करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. तो आणि त्याची बायको राहीबाई तालमीच्याच पडवीत राहत. तालीम गेली तर दोघांनी जायचं कुठं, याचा हुकमात उल्लेख नव्हता.

गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारे फक्रुद्दीनचाचा मदतीला आले. त्यांनी तालमीसमोरच्या मोकळ्या जागेत बाभळीचे चार ओंडके उभे केले, त्यांच्यावर मोडक्या गाड्यांच्या फळ्यांची माची टेकवली, आणि माचीला खालून मधोमध एक जुनी गोधडी ठोकली. गोरक्षाने खाली शिरायचं, पुढ्यात ठेवलेल्या बाकावर हात टेकायचे, गोधडीला पाठ लावायची आणि पाय सरळ करायचे. माची ओंडक्यांवरून चार बोटं वर यायची. एवढंच का, असं कोणीतरी विचारलंच.

"डोक्यावर न्या असं हुकमात कुठं हाय?" चाचा म्हणाले. "उचललं म्हंजी उचललं."

पहिल्या दिवशी माचीवर धावा रचल्या आणि गोरक्षाने त्या सहज उचलल्या. दुसऱ्या दिवशी कचेरीतले सर्कलसाहेब आले. लढाईमुळे लोखंडावर सरकारी कंट्रोल असल्याने एवढं लोखंड एका जागी ठेवायला परवाना हवा. परवाना फक्त मान्यताप्राप्त तालमीला मिळतो. मान्यता वजन उचलल्यावर मिळते. साहेबांनी हे इतक्या प्रेमाने समजावलं की आम्ही त्यांना चहा पाजला. दगड चालतील का, तर दगडाला खाणीचा परवाना. माणसांवर मात्र अजून कंट्रोल आला नव्हता, म्हणून माणसंच बसवायचं ठरलं. या कामासाठी व्यायाम-संवर्धन समिती नेमली गेली आणि मी तिचा चिटणीस झालो.

गोरक्षाला तालमीतली पोरं बसवायची होती. पण सरकार समोर असताना पोरं वर आणि गावचे पाटील आबासाहेब जमिनीवर, हे कसं दिसेल? आबासाहेब वर गेले. मग देवळाचे पंच रुसले. त्यांना घेतलं, तर मशिदीचे मुतवल्लीही हवेत. कोणाची बाजू उंच नको म्हणून फळीवर पाणी ओतून ते कुठे वाहतं ते पाहिलं. त्यानंतर शाळा, सोसायटी, भजनी मंडळ. ज्याला बसवलं नाही तो म्हणे, माझं गावात वजन नाही का? चाचा रोज नव्या फळ्या जोडत. देवळाचं दार, शाळेची बाकं, मुतवल्लींचा पलंग, सगळं माचीला लागलं.

गोरक्ष एकदा धीर करून म्हणाला, "आबासाहेब, वीस मण कवाच झालं. पाठ एकच हाय माजी."

"आन राह्यलेल्यांचा अपमान तू निस्तरणार का?" आबासाहेबांनी विचारलं.

परीक्षेच्या दिवशी सगळा गाव माचीवर होता. चाचांनाही कारागीर म्हणून वर ओढून घेतलं. साहेबांनी खाली उभं राहून रयतेकडे मान वर करून पाहणं शिस्तीत बसेना, म्हणून तेही खुर्चीसकट वर आले. वस्ताद कुठे, असं त्यांनी विचारलं. खाली आहे, असं मी सांगितलं. साहेब नाराज झाले. ज्याचा सत्कार तोच खाली आणि बाकीचे वर? शिवाय कार्यक्रमपत्रिकेत हार आधी आणि उचलणं नंतर होतं.

गोरक्ष वर आला. हार गळ्यात पडल्यावर तो हळूच म्हणाला, "साहेब, मी हितं बसलो तर उचलनार कोन?"

"तो तांत्रिक प्रश्न आहे," साहेब म्हणाले, आणि घड्याळ पाहून त्यांनी हुकूम दिला, "उचला."

आम्ही श्वास रोखला. मग आबासाहेब म्हणाले, "उठली." ते म्हणताच मलाही माची उठल्याचं स्पष्ट जाणवलं. पंचांना चार बोटं जाणवली, म्हणून मुतवल्लींना पाच.

राहीबाई तेवढी जमिनीवर होती. तिने वाकून माचीखाली पाहिलं. "खाली कुनीच न्हाई," ती म्हणाली. माचीवर बसलेली नसल्याने तिला उंचीचा अनुभव नव्हता, तेव्हा तिचं म्हणणं नोंदवता आलं नाही.

महिन्याभरात निकाल आला. प्रयोग पूर्ण यशस्वी. वीस मणांच्या कितीतरी पट वजन, खाली कोणीही इसम नसताना उचलले गेले. सबब वजन उचलण्यास वस्तादाची व वस्तादास तालमीची आवश्यकता उरत नसल्याने तालीम ताब्यात घेण्यात येत आहे. गावाचं अभिनंदनही होतं. आम्ही पेढे वाटले.

गोरक्ष आणि राहीबाई आता माचीखाली राहतात. पावसापाण्याचा आडोसा होतो, त्यामुळे त्यांची गैरसोय झाली असं समितीला वाटत नाही. आम्ही दर बाजाराच्या दिवशी वर बसतो आणि थोडे थोडे उठतो. खालून राहीबाईच्या चुलीचा धूर येतो, तेव्हा आपण ढगांत पोचलो असं आबासाहेब म्हणतात.

हे वाचून तुम्हाला आमचं हसू आलं असेल. आम्हाला राग नाही. इतक्या उंचावरून हसणारा माणूस आमच्यातलाच असतो. तेव्हा आता उगाच खाली पाहू नका, जरा सरकून बसा. तुमच्या मागूनही माणसं चढताहेत.