मेघदेवाचं अस्वल

"अहो, नाव कळायच्या आधीच चमच्यावर कोरून आणलंत?" बोर्गहिल्डनं कपाळाला हात लावला.

"कळायचंय काय त्यात? पहिल्या नातवाला आजोबांचं नाव. रीतच आहे आपली." तोरब्यॉर्ननं बाप्तिस्म्याचा चांदीचा चमचा ऐटीत कोटाच्या खिशात टाकला.

मुलगा एविंद आणि सून, दोघांनी नाव गुपित ठेवलं होतं. तोरब्यॉर्नला धास्ती होती ती व्याह्यांची. आसगाउत हेही आजोबाच की! म्हणून तो धक्क्यावर, दुकानात, दिसेल त्याला आपल्या नावाचा अर्थ शिकवत सुटला होता. "तोर म्हणजे मेघगर्जनेचा देव, ब्यॉर्न म्हणजे अस्वल. असं नाव असलेला माणूस कशाला घाबरेल?"

एकाच गोष्टीला घाबरायचा. गडगडाटाला. ते फक्त बोर्गहिल्डला ठाऊक होतं.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाईंनी विचारलं, "बाळाचं नाव काय?" आणि नेमकं तेव्हाच खाडीवर आभाळ कडाडलं. कडाडतच राहिलं. अस्वल बाकाखाली शिरलं, डोळे मिटून, कानांत बोटं घालून. ते बाहेर आलं तेव्हा बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं होतं आणि नावही ठेवून झालं होतं. शेजारी आसगाउत गालातल्या गालात हसत होते.

गेलं नाव! तोरब्यॉर्ननं चमचा खिशात आणखी खोल सारला. आता विचारायचं तरी कसं? ऐकू का आलं नाही, ते सांगावं लागलं असतं.

घरी कॉफीच्या वेळी आजोबांनी चार शब्द बोलायचे असतात. हरल्यासारखं दिसायचं नाही, असं ठरवून तो उठला.

"एविंद, बरं केलंस हो! तोरब्यॉर्न हे काय नाव आहे? देव तापट, अस्वल अडाणी. शाळेत पोरं गुरगुरून दाखवायची मला. जन्मभर भोगलंय मी. सुटलं बिचारं लेकरू!"

स्वयंपाकघराच्या दारात सून केक घेऊन थिजली होती. बदामाच्या केकवर साखरेची ठसठशीत अक्षरं होती: तोरब्यॉर्न.

"बाबा," एविंद कसनुसा म्हणाला, "आम्ही तर हौसेनं तुमचंच ठेवलं."

"मग हे हसत का होते?"

"व्याहीबुवा," आसगाउत म्हणाले, "अस्वल बाकाखाली शिरताना मी पहिल्यांदाच बघत होतो."

एवढ्यात पुन्हा खिडक्या हादरल्या. तोरब्यॉर्नची बोटं आपोआप कानांकडे गेली. पाळण्यातल्या तोरब्यॉर्ननं मात्र एक लांबलचक जांभई दिली आणि कूस बदलली.

बोर्गहिल्डनं नवऱ्यापुढे हात केला.

"आणा तो चमचा इकडे. नावाला शोभेलसा माणूस मिळालाय एकदाचा."